स्कोप काढून परत बसवला की नेम का सरकतो: डिटॅचेबल माउंटची तपासणी, सोप्यापासून अवघडाकडे

रेंजवर एअर रायफल दुरुस्त करायला बसलं की एक तक्रार हमखास येते. "परवा झिरो करून ठेवली होती. बॅगेत मावत नाही म्हणून स्कोप काढला, आज परत लावला, तर दोन बोटं डावीकडे लागतंय." आणि हे सांगता सांगता माणसाचा हात टरेटकडे, म्हणजे स्कोपवरच्या नेम जुळवायच्या फिरत्या खुंटीकडे, गेलेला असतो. टरेट फिरवून नेम आणता येतो, पण पुढच्या वेळी स्कोप काढला की तो पुन्हा जातो. दोष बहुतेक वेळा टरेटमध्ये नसतो. माउंट, म्हणजे स्कोप (नेमाची दुर्बीण) बंदुकीवर धरून ठेवणारा जोड, आणि बंदूक जिथे एकमेकांना टेकतात तिथे तो असतो. म्हणून दोष सापडेपर्यंत टरेटच्या टोप्या उघडू नका. मूळ झिरो, म्हणजे आधी जुळवून ठेवलेला नेम, हा आपल्याकडचा एकमेव पुरावा असतो, तो पुसला गेला की पुढचं सगळं अंदाजावर चालतं.

इथे मी मुख्यतः बॅरल मोडून भरायच्या स्प्रिंगवाल्या एअर रायफलीबद्दल लिहितोय. आपल्याकडे घरोघरी असलेली छऱ्याची बंदूक तीच, आणि माउंटला सगळ्यात जास्त छळणारीही तीच. पीसीपी (आधीच भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी एअर रायफल) आणि परवान्याच्या, म्हणजे काडतुसाच्या, रायफलींना जिथे वेगळं लागू होतं तिथे तसं सांगतो.

लक्षणं

माउंट बिघडला की कागदावर त्याची ठरावीक चित्रं दिसतात. त्यासाठी दहा छऱ्यांचा ग्रुप काढा, म्हणजे एकाच नेमावर दहा छरे मारून भोकांचा पुंजका बघा. स्प्रिंग गनमध्ये तीन छऱ्यांवरून काही ठरवू नये, कारण तीन छऱ्यांच्या ग्रुपचा मध्य नुसत्या योगायोगानेही इकडचा तिकडे होतो.

ग्रुप नेहमीइतकाच लहान, पण अख्खा दुसरीकडे गेलेला असेल, तर माउंट दर वेळी वेगळ्या जागी बसतोय.

परत बसवल्यावर पहिले पाच-सात छरे एका दिशेने चालत जातात आणि मग ग्रुप स्थिर होतो. म्हणजे माउंटला मागे मोकळी जागा आहे आणि कशाला तरी टेकेपर्यंत तो सरकतोय.

स्कोप काढलेलाही नाही, तरी दिवसागणिक ग्रुप थोडा थोडा एकाच बाजूला जातोय. इथे पकड कमी पडतेय.

ग्रुपच फुटला असेल, छरे सगळीकडे पडत असतील, तर माउंटवर संशय शेवटी घ्या. आधी स्टॉकचे स्क्रू, बॅरलचा सांधा आणि छरे बघा.

किती छोट्या फरकाने किती नुकसान होतं ते एकदा आकड्यात पाहून ठेवा. स्कोपची नळी धरणाऱ्या माउंटच्या दोन रिंगांमध्ये १०० मिलिमीटर अंतर धरा. त्यातली एक रिंग ०.१ मिलिमीटर वर उचलली गेली, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाच्या जाडीइतकी, तर १० मीटरवर छरा १० मिलिमीटर सरकतो आणि २५ मीटरवर २५ मिलिमीटर. पाव एमओएच्या (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) टरेटवर २५ मीटरला एक क्लिक म्हणजे साधारण १.८ मिलिमीटर. तेवढ्या मळाची भरपाई करायला चौदाएक क्लिक लागतात. "एवढीशी घाण काय करणार" असं कुणी म्हणालं की हा हिशोब सांगायचा.

हात लावण्याआधी

बॅरल मोडा, छरा नाही हे डोळ्यांनी बघा, आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवा. पीसीपी किंवा परवान्याची रायफल असेल तर मॅगझिन बाहेर, बोल्ट उघडा, चेंबर रिकामं. स्प्रिंग गन छऱ्याशिवाय उडवू नका. समोर हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन थेट, तो ज्यात धावतो त्या नळकांड्याच्या टोकावर आदळतो, सील आणि स्प्रिंग दोन्हींचं आयुष्य कमी होतं. माउंट बघायला घेतलेली बंदूक कॉक करून ठेवायचं तर काहीच कारण नाही.

१. आधी माउंट सोडून बाकीचं

स्टॉकचे स्क्रू घट्ट आहेत का बघा. पुढच्या बाजूला दोन्हीकडून एकेक आणि ट्रिगर गार्डपाशी एक किंवा दोन, अशी बहुतेक बंदुकांची रचना असते. स्प्रिंगच्या हिसक्यांनी ते सैल होतातच. "माउंट खराब आहे" म्हणून आलेल्या कितीतरी बंदुका अ‍ॅलन कीच्या अर्ध्या वळणाने बऱ्या होऊन परत गेल्या आहेत. खर्च शून्य, म्हणून सुरुवात इथून.

मग बॅरल बंद असताना ती टोकाला धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. सांध्यात किंचितही लडबड लागली तर स्कोप कितीही पक्का बसवा, नेम टिकणार नाही. स्कोप नळकांड्यावर बसतो आणि छरा बॅरलमधून जातो. काही बंदुकांत हा सांधा स्क्रूचा असतो आणि घट्ट करता येतो. ठोकून बसवलेली पिन असेल तर हात लावू नका, ते मेकॅनिकचं काम.

छरे त्याच डब्यातले आहेत ना? नाव तेच असलं तरी डोक्याचं माप ४.५० आणि ४.५२ असं वेगळं असू शकतं, आणि काही बॅरलना तेवढा फरकही कळतो.

बंदूक धरायची पद्धतही तपासा. झिरो करताना पुढचा स्टॉक तळहातावर हलका ठेवला होता आणि आज सरळ टेबलावर किंवा कडक विटेवर टेकवला, तर स्प्रिंग गन वेगळ्या ठिकाणी मारते. छरा नळीतून बाहेर पडायच्या आत बंदूक हललेली असते, आणि ती कशी हलते हे ती कशावर टेकलीय त्यावर ठरतं. माउंटला दोष देण्याआधी धरण तीच, टेकण तीच ठेवून एकदा मारून बघा.

२. खाच साफ करा

माउंट काढा. नळकांड्यावरची डोव्हटेल खाच (तिरप्या कडांची, जिला माउंटचे जबडे पकडतात), माउंटचे जबडे आणि तळ, तिन्हीकडे नीट बघा. कोकणात किंवा कोल्हापूर-सातारच्या पावसाळ्यात गंज लागू नये म्हणून लोक बंदुकीला तेल पुसतात. ते योग्यच आहे. पण तेच तेल खाचेत साठतं, त्यावर धूळ बसते, आणि जबड्याखाली तेल-धुळीचा थर तयार होतो. तेलकट खाचेवर पकड घसरते आणि थर जाड असला तर माउंट वर उचलला जातो.

जुना टूथब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरे. खाचेच्या आतल्या कोपऱ्यातला मळ लाकडी टूथपिकने काढा, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने नको. केमिस्टकडच्या सर्जिकल स्पिरिटमध्ये कधी कधी तेलकट पदार्थ मिसळलेले असतात, इथे ते उपयोगाचं नाही. पूर्ण कोरडं झाल्यावर माउंट बसवा. बाकी नळकांड्याला तेल राहू द्या, फक्त पकडीची जागा कोरडी हवी.

३. माउंट कुणीकडे ढकलून कसायचा

डिटॅचेबल माउंटच्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माउंट खाचेत ठेवला की कसण्याआधी तो नेहमी एकाच टोकाला टेकवलेला असला पाहिजे. कुठल्या, हे बंदुकीच्या हिसक्यावर ठरतं. काडतुसाची रायफल फक्त मागे धक्का मारते. रायफल मागे जाते, स्कोप आपल्या जडत्वाने जागीच राहू पाहतो, म्हणजे रायफलीच्या हिशोबाने तो पुढे सरकू पाहतो. म्हणून तिथे माउंट नळीच्या टोकाकडे ढकलून कसतात. माउंटचा आडवा बोल्ट रेलवरच्या (माउंट बसायच्या पट्टीवरच्या) आडव्या खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकतो आणि मग सरकायला जागा राहत नाही.

स्प्रिंग गनचं उलटं आहे. ट्रिगर दाबल्यावर जड पिस्टन पुढे धावतो, त्यामुळे बंदूक आधी मागे जाते. पिस्टन दाबलेल्या हवेवर आपटून एकदम थांबतो, आणि त्या क्षणी बंदूक पुढे हिसका खाते. हा दुसरा हिसका जास्त तीव्र. बंदूक पुढे उडते, स्कोप मागे राहतो. स्प्रिंग गनवर स्कोप नेहमी डोळ्याकडे सरकत येतो तो याच कारणाने. म्हणून इथे माउंट मागे ढकलून, स्टॉप पिनला टेकवून कसायचा. मोठ्या रायफलींचे व्हिडिओ बघून "पुढे ढकला" हे शिकलेले लोक स्प्रिंग गनवर तेच करतात. मग पिनच्या मागे अर्धा-एक मिलिमीटर मोकळी जागा राहते आणि पहिले पाच-सात छरे माउंटला तिथपर्यंत नेण्यात जातात.

पीसीपीला हिसका नगण्य, तिथे दिशेपेक्षा दर वेळी तीच दिशा असणं महत्त्वाचं.

आता स्टॉप पिन. मागच्या माउंटच्या पोटातून एक छोटी पिन किंवा ग्रब स्क्रू खाली येतो आणि नळकांड्यावरच्या भोकात बसतो. ही पिन भोकाच्या तळाला लागता कामा नये. लागली तर माउंट टाचेवर उभा राहतो, जबडे कसलेले वाटतात, पण तळ खाचेवर बसलेला नसतो. मागची बाजू उचलली गेल्यामुळे छरे वर लागतात. तपासणी सोपी: माउंट कसून झाल्यावर त्याच्या तळाखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. पुढून जात नाही आणि मागून जाते, तर पिन अर्धं वळण वर घ्या आणि पुन्हा बघा. पिनचं काम बाजूने अडवायचं आहे, वजन उचलायचं नाही.

शेवटी माउंटच्या मागच्या कडेला लागून नळकांड्यावर पेन्सिलीची बारीक रेघ मारा. वीसेक छरे मारल्यावर रेघ आणि माउंट यांच्यामध्ये फट आली, किंवा रेघ माउंटखाली गेली, तर उत्तर समोर आहे.

४. लिव्हरचा ताण

खटक्याच्या, म्हणजे लिव्हर दाबून बसवायच्या, माउंटमध्ये लिव्हरसमोर एक ताणाची नट असते. लिव्हर अर्ध्यावर आल्यावर विरोध जाणवायला लागला पाहिजे आणि पुढचा प्रवास अंगठ्याच्या जोराने, थोडं दुखेल इतक्या दाबाने पूर्ण झाला पाहिजे. सुरुवातीपासून सैल जाते आणि शेवटी नुसती टक करते, तर ताण कमी. पक्कड लावावी लागते, तर जास्त. माउंटसोबत आलेल्या कागदावर वेगळं काही लिहिलं असेल तर ते पाळा. नट एका वेळी थोडीच फिरवा.

जास्त ताण हा कमी ताणापेक्षा वाईट, कारण तो माल खराब करतो. अ‍ॅल्युमिनियमची रेल लिव्हरच्या दाबाखाली खचते, काठावर खड्डा पडतो, महिन्याभरात पकड पुन्हा सैल होते, माणूस पुन्हा नट आवळतो. अशी रेल शेवटी टाकूनच द्यावी लागते.

दोन लिव्हर असतील तर क्रम ठरवा, आधी पुढची मग मागची, आणि तो कधीही बदलू नका. पहिली लिव्हर माउंटची जागा ठरवते, दुसरी फक्त दाब देते. क्रम उलटला की माउंट केसभर वेगळा बसतो. हाताने पिळायच्या नटांचे माउंट असतील तर दर वेळी सारखाच जोर लागणं कठीण. तिथे छोटा टॉर्क स्क्रूड्रायव्हर घेण्याला पर्याय नाही.

५. अ‍ॅडाप्टर असेल तर खालचा सांधा बघा

खटक्याचे बहुतेक माउंट पिकाटिनी रेलसाठी (ठरावीक मापाच्या आडव्या खाचांची पट्टी) बनतात, आणि आपल्या एअर रायफलींना असते ११ मिलिमीटरची डोव्हटेल. म्हणून लोक मध्ये अ‍ॅडाप्टर रेल बसवतात. आता सांधे दोन झाले. सगळे जण वरचा तपासतात, कारण तोच रोज उघडतो-मिटतो. सरकतो खालचा. पेन्सिलीची रेघ अ‍ॅडाप्टरच्या मागेही मारा.

अ‍ॅडाप्टर एकदा साफ करून, स्टॉप पिनला टेकवून, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावून कायमचा बसवा. काढायचा तो फक्त वरचा माउंट. लाल थ्रेडलॉकर वापरू नका, ते उघडायला उष्णता द्यावी लागते.

६. मापं जुळतात का

इथपर्यंत दोष सापडला नाही तर व्हर्निअर काढा. "११ मिलिमीटर" हे नाव आहे, माप नव्हे. प्रत्यक्षात या खाचा साधारण साडेनऊपासून साडेतेरा मिलिमीटरपर्यंत भेटतात, आणि बाजूंचा कोन कुठे ४५ अंश, कुठे ६०. कोन जुळत नसेल तर जबडा पूर्ण पृष्ठभागाने न पकडता एका धारेने चावतो. जबड्याच्या आतली खूण बघा. लांब, एकसारखी चमकदार पट्टी असेल तर पकड चांगली. टोकांना दोन ठिपके किंवा एकच बारीक ओरखडा असेल तर तो माउंट या बंदुकीचा नाही.

पिकाटिनी आणि वीव्हर (तशीच दिसणारी दुसरी रेल) यांचीही अशीच गल्लत होते. पिकाटिनीची आडवी खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, दोन खाचांचं अंतर १०.०१ मिलिमीटर, रेलची रुंदी २१.२ मिलिमीटर. वीव्हरची खाच ४.५७ मिलिमीटर. त्यामुळे पिकाटिनीचा माउंट वीव्हरच्या रेलवर बसत नाही. वीव्हरचा पिकाटिनीवर बसतो, पण आडव्या बोल्टला अर्ध्या मिलिमीटरहून जास्त मोकळीक राहते. ती चालते, अट एवढीच की वर सांगितल्याप्रमाणे माउंट योग्य टोकाला ढकलून कसलेला असावा. स्वस्तातल्या रेलवर नाव पिकाटिनीचं आणि मापं भलतीच, हे वारंवार दिसतं.

७. रिंगा आणि स्कोपची नळी

रिंगांचे स्क्रू साधारण १.७ ते २.३ न्यूटन-मीटरवर कसतात. तिरप्या क्रमाने, थोडे थोडे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत. हाताच्या अंदाजाने माणूस बहुतेक वेळा जास्तच आवळतो, नळी दबते आणि आतली यंत्रणा जाम होते. पॅरलॅक्सची रिंग (स्कोप निशाणाच्या अंतराला जुळवायची) अचानक जड फिरायला लागली तर स्क्रू सैल करून बघा, मोकळी झाली तर कारण कळलं.

एका रिंगचं झाकण पूर्ण काढा. स्कोप त्या बाजूला थोडा वर उसळला किंवा बाजूला झाला, तर दोन रिंगा एका रेषेत नाहीत आणि नळी वाकलेल्या ताणात बसली होती. असा स्कोप प्रत्येक काढघालीनंतर वेगळा ताण घेतो. उपाय म्हणजे रिंगा घासून जुळवणं किंवा दोन रिंगा एकाच तळावर असलेला माउंट घेणं. मी दुसरं सुचवतो. काढघाल करायचीच असेल तर एकसंध माउंट दोन सुट्या रिंगांपेक्षा कितीतरी भरवशाचा.

८. शेवटी स्कोप

डोकं डावी-उजवीकडे, वर-खाली हलवून बघा. स्कोपमधला क्रॉस निशाणीवरून सरकत असेल तर तो पॅरलॅक्स आहे. १०० यार्डाला जुळवलेला स्कोप १० किंवा २५ मीटरवर हे करतोच, आणि स्कोप परत लावताना तो पुढे-मागे बसला, डोळ्याची जागा बदलली, की ग्रुप सरकलेला दिसतो. माउंट निर्दोष असतो.

टरेट एखाद्या टोकापाशी फिरवलेला असेल तर आतली स्प्रिंग जवळजवळ सैल झालेली असते आणि क्रॉस हिसक्यागणिक हलतो. बॅरल मोडायच्या बंदुकांत बॅरल किंचित खाली झुकलेली असते, त्यामुळे टरेट वरच्या टोकाला नेऊन झिरो केलेली बंदूक हमखास भेटते. तिला उतार दिलेला किंवा ॲडजस्टेबल माउंट हवा, म्हणजे टरेट मधल्या भागात येतो. आणि स्कोप एअरगनसाठी बनलेला आहे का? मोठ्या रायफलीचा महाग स्कोपसुद्धा दोन्ही दिशांच्या हिसक्यासाठी बनलेला असेलच असं नाही.

मॅच रायफलवाल्यांसाठी

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, तिथेही मागे डायॉप्टरच (बारीक भोकातून नेम धरायची साइट) असतो. तो केसमध्ये ठेवताना काढला की हीच कटकट. वरचे २, ३ आणि ६ क्रमांक तसेच लागू होतात. फरक इतकाच की १० मीटरच्या निशाणावर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर आणि गुणांच्या एका रिंगचं अंतर अडीच मिलिमीटर. मागची आणि पुढची साइट ७०० मिलिमीटर दूर धरली, तर ०.१ मिलिमीटरची चूक १.४ मिलिमीटर नेते, म्हणजे अर्ध्याहून जास्त रिंग. साइट काढावी लागू नये अशी केस घेता आली तर घ्या.

पक्कं करायची चाचणी

दहा छरे मारून ग्रुप घ्या. स्कोप काढा, तसाच परत लावा, नव्या कागदावर दहा. पुन्हा एकदा. टरेटला हात नाही. तिन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरा. तिन्हींचे मध्य एका ग्रुपच्या आकारात मावत असतील तर माउंट ठीक आहे, त्यापुढे शोधू नका. २५ मीटरवर २० मिलिमीटरचा ग्रुप देणाऱ्या बंदुकीकडून पाच मिलिमीटरच्या सरकण्याचा हिशोब मागण्यात अर्थ नाही. ही चाचणी झाल्यावरच हवं तर टरेट फिरवून मध्य साधा.

इथे थांबा

नळकांड्यावरची खाच चेपलेली, झिजलेली किंवा वेडीवाकडी असेल तर घरी कानस लावू नका. स्कोप हलवल्यावर आत खडखड वाजते, काचेच्या आत बाष्प दिसतं किंवा क्रॉस तिरका झालाय, तर स्कोप कंपनीच्या सर्व्हिसकडे. उघडला की आतला नायट्रोजन गेला आणि वॉरंटीही. बॅरलचा सांधा किंवा सील बघायला पिस्टन-स्प्रिंग बाहेर काढावी लागणार असेल तर थांबा. ती स्प्रिंग दाबून बसवलेली असते, स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय उघडली तर तोंडावर येते.

परवान्याच्या रायफलीवर, मग ती पॉइंट बावीस असो की .३१५, माउंटसाठी भोक पाडायचं किंवा आटे काढायचे असतील तर ते फक्त परवानाधारक गनस्मिथकडे. शस्त्र कायदा, १९५९ नुसार दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, ओळखीच्या लेथवाल्याकडे रायफल देणं हा तुमचा आणि त्याचा, दोघांचाही गुन्हा ठरू शकतो. शिवाय भोक अर्ध्या मिलिमीटरने चुकलं तर ते भरून निघत नाही, आणि चुकीच्या ठिकाणी पडलं तर दाब सहन करणारा भाग कमजोर होतो.

मेकॅनिककडे जाताना माउंट काढून नेऊ नका, बंदुकीवर आहे तसाच न्या. पेन्सिलीची रेघ पुसू नका. तीन कागद, त्यांवर अनुक्रम लिहिलेला, आणि ज्या डब्यातले छरे मारले तो डबा सोबत ठेवा.